उलटी ओवलेली माळ

सर वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेत आणि पहिल्या पानापर्यंत पोचेतो त्यांचा चहा गार झालेला असे. डबा उघडला की आधी दहीभात, मग पोळी-भाजी, आणि सगळ्यात शेवटी लोणच्याची फोड. कुणाला पत्ता सांगायचा तर ते घराच्या दारापासून निघत आणि उलटे येत येत क्रांती चौकात थांबत. ऐकणारा बिचारा क्रांती चौकातच उभा असायचा, त्यामुळे त्याला वाटायचं आपण पोचलोच. नव्या माणसाला वाटे, ह्यांचा एखादा स्क्रू ढिला आहे. आम्हालाही तसंच वाटायचं, फक्त आम्हाला त्याचं कारण ठाऊक होतं.

सरांचं कामच उलटं होतं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या गोदामामागं आमची लहानशी प्रयोगशाळा होती. सर तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ आणि मी त्यांच्या हाताखाली. आम्ही पेप्टाइडं बनवत होतो. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, तीच आम्लं मण्यांसारखी एकापुढं एक ओवून केलेली छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. कागदावर ती डावीकडून उजवीकडे लिहितात, पण काचेच्या भांड्यात ओवताना शेवटचा मणी आधी घ्यावा लागतो. रेझिनच्या बारीक दाण्यांवर तो चिकटवायचा, धुवायचं, मग त्याच्या अलीकडचा मणी, पुन्हा धुवायचं, असं करत पहिल्या मण्यापर्यंत यायचं. सरांनी हे तीस वर्षं केलं होतं, आधी हैदराबादेत आणि मग इथं. इतक्या वर्षांत ती सवय हातातून डोक्यात आणि डोक्यातून जेवणाच्या डब्यात उतरली.

त्या दिवसांत आमच्याकडं मुख्य काम होतं ते सहा मण्यांच्या एका माळेचं. ही माळ निसर्गात कुठं नाही, माणसानंच जुळवलेली आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती वाढीचं संप्रेरक सोडते. ही माळ शरीरात गेली की ग्रंथी जागी होते आणि संप्रेरक सोडू लागते. परगावची एक संशोधन संस्था उंदरांवर तिचे प्रयोग करत होती आणि माळ आमच्याकडून नेत होती. सर म्हणत, "आपण औषध नाय बनवत. आपण हाक बनवतो. ओ देणारा जागेवर पाहिजे."

ग्रंथी सगळ्यात जास्त संप्रेरक गाढ झोपेत सोडते, म्हणून सरांची झोपेवर भारी श्रद्धा. दुपारी दीडला डबे आवरले की ते कपाटातून सतरंजी काढून दोन टेबलांच्या मधे अंथरत आणि सगळ्यांना आडवं व्हायला लावत. आम्हा दोघी मुलींसाठी शेजारच्या कोठीच्या खोलीत चटई असे. वीस मिनिटं, घड्याळ लावून. बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत असे, भांड्यांतून नायट्रोजनचे बुडबुडे गुडगुडत असत, आणि त्या आवाजात डोळे कधी मिटले ते कळायचं नाही. मला त्या चटईवर पाण्याची स्वप्नं पडत. हौद काठोकाठ भरला आहे, मी त्यात हात घातला आहे आणि हात तळापर्यंत पोचतच नाही. उठल्यावर सर विचारत, "काय दिसलं?" आणि सांगितलं की नुसती मान हलवत. एकदा कंपनीचे मालक अचानक आले आणि अख्खी प्रयोगशाळा घोरताना बघून दारातच थबकले. सर डोळेही न उघडता म्हणाले, "रिअॅक्शन चालू आहे साहेब. वीस मिनिटं हात लावायचा नाय." मालक मुकाट्यानं बाहेर जाऊन गाडीत बसले.

ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीत पाण्यापेक्षा गाळ जास्त दिसायचा, आणि बीड बायपासच्या पलीकडं मात्र दर महिन्याला नवीन इमारती उठत होत्या. प्रत्येक इमारतीआधी तिचं बोअर खणलं जाई. आम्हाला तिसऱ्या दिवशी टँकर येई. आमचं शुद्ध पाणी त्यातूनच काढायचं असल्यानं सर नळाखाली पेला धरत, त्यात क्षार मोजायचं यंत्र बुडवत आणि आकडा वाचून टँकरवाल्या चाचांना सांगत, "चाचा, हे देवळाईचं पानी नाय. हे शेंद्र्याकडचं बोअर आहे, अन् महिन्याभरात आटतंय बघा."

"साब, तुम पानी की भी नब्ज देखते क्या?" चाचा विचारत.

महिन्याभरात ते बोअर खरोखरच आटे. बाकी कुणी असतं तर मिरवलं असतं. सर मात्र त्या दिवशी हात धुवायलासुद्धा नळ करंगळीएवढाच सोडत.

शहर वाढत होतं तशा गल्लोगल्ली जिम निघत होत्या, आणि कुणीतरी आवई उठवली की चिकलठाण्याला उंचीचं औषध बनतं. मग फाटकावर माणसं यायला लागली. पिळदार दंडांचे जिमवाले यायचे. एकदा लग्नाच्या मुलीला घेऊन एक बाई आल्या, देवळाला यावं तशा ओटीबिटी घेऊन. सर सगळ्यांना आत बोलवत, पाणी देत आणि अगदी डॉक्टरच्या तोऱ्यात विचारत, "झोप किती? मोबाइल कधी ठेवता? शेंगदाणे खाता का?" नऊ तास झोपायला सांगून ते सगळ्यांना वाटेला लावत. औषध त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. म्हणत, "उंदीर तक्रार करत नाय, म्हणून त्याला काय होतं ते आपल्याला धड कळत नाय. माणसाला कशाला द्यायचं?"

हे सगळं मी समोर बसून ऐकलं होतं, आणि तरी मी ते औषध चोरलं.

माझा धाकटा भाऊ बापू तेव्हा बावीस वर्षांचा होता. आमचं गाव गंगापूरपासून जीपनं अर्ध्या तासावर. वडिलांची पिठाची गिरणी, पण दोन वर्षं शिवारात दाणाच आला नाही तर दळायला आणणार कोण? बापूला पोलिसात जायचं होतं. पळायला असा, की गावातून सुटणाऱ्या जीपशी शर्यत लावायचा. पण भरतीत पळायच्या आधी उंची मोजतात. एकशे पासष्ट सेंटिमीटर लागतात, आणि मागच्या खेपेला बापू एकशे त्रेसष्ट पूर्णांक आठ भरला. बारा मिलिमीटर कमी. पट्टीखालूनच त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो आईशी धड बोलेना, चार माणसांत उभा राहीना, कुणी फोटो काढायला लागलं की आधी खाली बसे. वडिलांनी सांगितलं होतं, आता येतीय ती भरती शेवटची, मग माझ्याबरोबर गिरणीवर. बंद पडत चाललेल्या गिरणीवर. त्याचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता, एवढंच माझं कारण.

तयारीसाठी बापू हडको वसाहतीतल्या माझ्या खोलीवर राहायला आला होता. मी दोन कुप्या रुमालात गुंडाळून नेल्या. सुई कशी टोचायची ते त्याच्या जिममधल्या मित्रानं दाखवलं. तीन आठवडे तो रोज टोचून घेई आणि संध्याकाळी मी कामावरून आले की चौकटीला पाठ लावून उभा राही.

"वाढलो का गं ताई?"

मी त्याच्या डोक्यावर पेन्सिल टेकवून रेघ मारी. रेघेवर रेघ बसत होती.

हे घडलं तेव्हा सर टायफॉइडनं महिनाभर घरी होते. परत आले त्या दिवशी त्यांनी मधल्या काळातल्या तपासणीचे कागद मागवले आणि अर्थातच शेवटचा आधी हातात घेतला. मी नेलेल्या कुप्या त्याच घाण्यातल्या होत्या. माळेचं वजन कागदावर तंतोतंत होतं. पण माळ नळीतून किती वेळात बाहेर पडते ते मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या आलेखावर जो सुळका येतो, तो नेहमीच्या वेळेपेक्षा दीड मिनिट आधी आलेला होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ऑर्डरचा कागद आण," ते म्हणाले. मी आणला. "हे तू कुठून ओवायला घेतलं?"

"डावीकडून सर. नेहमीसारखं."

आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं ओवणीचा कागद नेहमी सरांच्या हातचा असे आणि सर माळ आधीच उलटी लिहीत, शेवटचा मणी पहिला. आम्ही डोळे मिटून डावीकडून सुरुवात करायचो. सर आजारी, म्हणून ह्या वेळी संस्थेकडून टाइप केलेला कागद थेट माझ्या हातात आला होता. तो साऱ्या जगासारखा सरळ लिहिलेला होता, आणि मी सरांच्या सवयीनं डावीकडून ओवत गेले होते.

"मणी तेच, वजन तेच," सर म्हणाले. "पण माळ उलटी. हिला ग्रंथी ओ देणार नाय." मग त्यांनी उठून कुप्या मोजल्या. दोन कमी निघाल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला खोटं सुचलंच नाही.

"माझ्या भावाला टोचल्यात सर."

मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "त्याला भूक लागली का?"

"काय?"

"भूक. ही माळ सरळ असती तर आधी भूक खवळली असती. त्याचा डबा खाऊन वर तुझाही खाल्ला असता त्यानं."

"नाही सर. अर्धी भाकरीसुद्धा संपवत नाही तो."

सर परत खुर्चीत येऊन बसले. "शुक्र आहे," ते म्हणाले. मग हळू आवाजात बोलायला लागले, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. "हे निर्जंतुक नाय, माणसासाठी गाळलेलं नाय. तुला हे माहीत होतं. जिमवाल्याला माहीत नसतं, तुला माहीत होतं. त्याला काय झालं असतं तर आईला काय सांगितलं असतंस?" मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. शेवटी म्हणाले, "माळ उलटी झाली ती माझ्या सवयीनं. चोरी मात्र तुझी." दोन्ही गोष्टी मालकांना सांगायच्या, असं त्यांनी ठरवलं. पहिली त्यांनी स्वतः सांगितली, दुसरी मी. पुढं सहा महिने कोठीची किल्ली माझ्या हाती आली नाही, ते योग्यच झालं.

दुसऱ्या दिवशी ते बापूला दवाखान्यात घेऊन गेले, त्याला तपासून घेतलं आणि मनगटाचा एक्स-रे काढला. फिल्म खिडकीशी धरून त्याला दाखवली. "हाडाच्या टोकाशी वाढीची फट असते. तुझी बुजली. आता सरळ माळ घे नायतर उलटी, हाड वाढणार नाय."

"मंग काहीच नाय का सर?" बापूनं विचारलं.

सरांनी फिल्म पाकिटात घातली आणि त्याच्या हातात दिली.

त्यानंतर तीन दिवस सरांनी डबा सरळ खाल्ला. आधी पोळी-भाजी, शेवटी दहीभात. आम्ही सगळे घाबरलो. चौथ्या दिवशी त्यांनी पहिला घास दहीभाताचा घेतला आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी साडेपाचला येतो. मी येईस्तोवर त्याला अंथरुणातनं उठू देऊ नको."

ते आले ते सुताराचा काटकोनी गुण्या आणि स्टीलची टेप घेऊन. घरमालकीणबाई गॅलरीतून बघत राहिल्या. बापूला अंथरुणातून सरळ भिंतीशी उभं केलं, डोक्यावर गुण्या टेकवला, टेप लावली. सरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकशे पासष्ट आणि वर एक मिलिमीटर.

"माणूस सकाळी उंच असतो," सर म्हणाले. "मणक्यांच्या मधल्या चकत्या झोपेत फुगतात अन् उभं राहिलं की दबतात. पहिल्या तासाभरातच लई दबतात. मागच्या वेळी याला किती वाजता मोजला?"

"दुपारी बारा," बापू म्हणाला. "पहाटंपसनं उभाच होतो."

"मग आता उभंच राहायचं नाय. पट्टीखाली जाईस्तोवर."

भरतीच्या दिवशी पहाटे पाचला सरांची जुनी व्हॅन दारात उभी होती. मागच्या सीटा काढून त्यांनी तिथं स्वतःच्या पलंगावरची गादी टाकली होती. बापूला आम्ही सतरंजीसकट उचलून आत सरकवलं. सर सायकलच्या वेगानं गाडी चालवत होते. प्रत्येक स्पीडब्रेकरवर आधी थांबत, मग एकेक चाक हळूच उतरवत. मागून रिक्षावाले हॉर्न मारत पुढं जात होते. बापू उताणा पडून मागच्या काचेतून वर बघत होता. त्याला विजेच्या तारा दिसत होत्या, अर्धवट इमारतींच्या वर आलेल्या सळया, गच्चीवरच्या रिकाम्या काळ्या टाक्या, आणि पांढरा पडत चाललेला चंद्र.

"ताई, शहर खालनं लई येगळंच दिसतंय," तो म्हणाला. "रस्ताच नाय दिसत. नुसतं आभाळ चालायलंय."

भरतीच्या मैदानाच्या भिंतीला लागून शेकडो मुलं रांगेत उभी होती. सरांनी सतरंजी रांगेत अंथरली, बापू तीवर आडवा, आणि रांग सरकली की एक टोक सर आणि एक मी धरून त्याला पुढं ओढायचो. पोरं हसायला लागली. "पेशंट हाय का ओ?" सरांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला चकत्यांचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. मागं देवगाव रंगारीचा एक किडकिडीत मुलगा होता, तो मन लावून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, माझंबी दोन सूत कमी हाय." आणि खांद्यावरचा टॉवेल अंथरून तोही आडवा झाला. त्याच्यामागं आणखी एक. उजाडलं तेव्हा भिंतीच्या कडेनं वीसेक पोरं उताणी पडली होती, बूट उशाला घेऊन. रांग हलली की पाठीवरच पुढं सरकत होती. दोघं तर गाढ झोपलेले, त्यांना मागचे ढकलत होते. मीसुद्धा जागी आहे की आमच्या दुपारच्या चटईवर आहे, असं मला क्षणभर झालं.

एक हवालदार मोटरसायकल थांबवून बघत राहिले. "हे काय, उपोषण हाय का?"

"नाय साहेब," सर म्हणाले. "उंची वाचवायलेत."

हवालदारसाहेब स्वतःही फार उंच नव्हते. त्यांनी किक मारली आणि पुढं गेले.

फाटकातून आत फक्त उमेदवारांना सोडत होते. सतरंजी आमच्याकडं राहिली. सर फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले, आत काही दिसत नव्हतं तरी. दोन तासांनी तो देवगावचा मुलगा पळत बाहेर आला आणि सरळ सरांच्या पाया पडला. "बसलो सर. उंचीत काट्यावर बसलो." सरांना हात कुठं ठेवावे ते कळेना, त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली.

त्याच्या मागून बापू चालत आला. चालण्यावरूनच मला कळलं.

"एकशे चौसष्ट पॉइंट सहा," तो म्हणाला. "आत कागद तपासायच्या रांगेत आडवं होऊ देईनात. सव्वा तास उभं केलं. त्याचा नंबर लवकर लागला, माझी फाइल खाली गेलती."

चार मिलिमीटर. सर व्हॅनमध्ये जाऊन बसले. आम्हीही बसलो, मी मागं गादीवर आणि बापू त्यांच्या शेजारी. सरांनी किल्ली लावली पण फिरवली नाही. त्यांचे डोळे भरले होते. समोर बघतच ते मला म्हणाले, "खोटी आशा तू चोरून दाखवलीस अन् मी राजरोस. काय फरक राहिला आपल्यात?"

मग बापू बोलला.

"असं नका म्हणू सर. मागल्या खेपेला पट्टीखाली माझे पाय लटलटत होते. आज नाय लटलटले. मी तिथं उभा राहून सकाळचाच इचार करत होतो. आईनं पाळण्यातनं उचलल्यापसनं मला एवढं जपून कुणीच कुठं नेलं नसंल."

सरांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. नाक ओढलं. मग गाडी सुरू केली. ऊन चांगलंच वर आलं होतं, रस्त्यावर टँकर धावायला लागले होते आणि बापू पुढच्या सीटवर ताठ बसला होता. तरी प्रत्येक स्पीडब्रेकरवर सर आधी थांबत होते, आणि मग एकेक चाक हळूच उतरवत होते.